दीपनगर थंडावलं तर खान्देशात दिवे कशावर लागतील?

गिरणाकाठचा

भुसावळ सोडून वरणगावकडे निघालं की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत, शिवाय आता ६६० चा नवा. नवा सुपरक्रिटिकल आहे, म्हणजे तेवढ्याच विजेला कोळसा थोडा कमी लागतो. पण लागतो कोळसाच.

धागा काढण्याचं कारण: आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो 'कोळसा संपणार, अंधार होणार' आणि दुसरा येतो 'आता पाण्यावर गाडी चालणार'. दोन्ही फॉरवर्ड करणारा माणूस एकच. म्हटलं इथे या विषयातली चार माणसं आहेत, जरा आकड्यांनी बोलू.

माझा हिशेब असा. मी जळगावला डाळ मिलमध्ये हिशेबनीस, त्यामुळे सवयीने कागदावर मांडतो. ६६० चा संच वर्षभर सरासरी ७० टक्के भाराने चालला तर सुमारे ४०० कोटी युनिट देतो. आपल्याकडच्या उन्हात १ मेगावॉटचे पॅनल वर्षाला १५-१६ लाख युनिट देतात. म्हणजे त्या एका संचाच्या बदली अडीच हजार मेगावॉट सौर लागेल. मेगावॉटला चार-पाच एकर धरले तर दहा-बारा हजार एकर. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा २०१३ सालचा सौर प्रकल्प आहे, १२५ मेगावॉटचा. तसे वीस.

वीस म्हणजे अशक्य नाही. माळरान पडून आहे, उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. भावही उतरले: २०१० च्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला दहा-बारा रुपये होता, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. मग अडतंय कुठे? आणि सौरशिवाय काय आहे? वारा, अणू, हायड्रोजन, पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं), उनपदेवचं गरम पाणी, जे सुचेल ते लिहा. फक्त राजकारण नको.

धुळ्याचा भो

आमना गावले दिनले लाईन कव्हय भेटी ते पह्यले सांगा भो. हायड्रोजनवर मंग बोलूत.

बॉयलरवाला

गिरणाकाठचे भाऊ, हिशेब बरोबर आहे, पण युनिटांची बेरीज जुळली म्हणून संच बंद करता येत नाही. मी आयुष्य कंट्रोल रूममध्ये काढलं, कुठल्या ते सोडा. आम्हाला वर्षाची बेरीज कोणी विचारत नसे. कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याची वीज वाटून देणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा तो 'आत्ता किती देता' एवढाच.

संध्याकाळी साडेसहाला महाराष्ट्रातले सगळे पॅनल झोपतात. नेमके तेव्हाच घराघरात दिवे, टीव्ही, कूलर सुरू. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्री अकरालाही भिंती हात लावू देत नाहीत, कूलर पहाटेपर्यंत चालतो. तो भार दुपारच्या उन्हावर कसा भागवणार? जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-कोळसा, बिगर-तेल-वायू वाटा ५० टक्क्यांवर गेला, पेढे वाटून झाले. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. कारण सौरचा मेगावॉट चोवीस तासांत सरासरी चार-पाच तासांचंच काम करतो.

आणखी एक. दुपारी सौर भरपूर आलं की आम्हाला भार कमी करायला सांगतात. संच ५५ टक्क्यांच्या खाली नेला की बॉयलरमधली ज्योत डळमळते, मग ती धरून ठेवायला तेल मारावं लागतं. आता ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचं चाललंय. रोज खालीवर, खालीवर केल्याने नळ्यांचा जाड पत्राही थकतो. पूर्ण विझवला तर संध्याकाळपर्यंत परत उभा करणं म्हणजे सगळ्यांची धावपळ.

कोळशाची बाजू घेतोय असं समजू नका. ६६० चा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, म्हणजे अडीच मालगाड्या. आपल्या देशी कोळशात ३०-४० टक्के राख. म्हणजे त्या अडीचातली जवळजवळ एक मालगाडी आपण शेकडो किलोमीटरवरून राखेचीच भरून आणतो. वर युनिटमागे अडीच-तीन लिटर पाणी. ते तापीचं.

गिरणाकाठचा

काका, राखेची मालगाडी हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे खरा प्रश्न 'कशापासून' हा नसून 'किती वाजता' हा आहे, असंच ना?

बॉयलरवाला

असंच. उगम शोधायला फार लांब जायला नको, वेळ जुळवायला जावं लागतं.

साक्रीकर

वेळ जुळवायची म्हणता तर वाऱ्याला विसरू नका. आमच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग आहे, पाचशे मेगावॉटच्या वर. देशातल्या मोठ्या पवन क्षेत्रांत तिचं नाव घेतात. नंदुरबारकडेही आहेत.

मजा अशी की आमचा वारा आणि तुमचं ऊन एकमेकांना पूरक आहेत. मेअखेर वारा चढतो, जून ते ऑगस्ट पाती थांबत नाहीत, अगदी रात्रीसुद्धा. नेमके तेच महिने ढगांमुळे पॅनल मंदावण्याचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज आठपट होते, घनाचा हिशेब आहे, त्यामुळे पावसाळ्यातला वारा म्हणजे खरी कमाई. पण दिवाळीनंतर पाती उभीच्या उभी. आणि दिवाळीनंतरच रब्बी: गहू, हरभरा, मका, दादर ज्वारी. सगळे पंप सुरू. म्हणजे गरज असेल तेव्हा वारा नाही. वाऱ्याच्या भरवशावर हिवाळ्यातली रात्र काढता येणार नाही.

पठारावर गेलात तर एका खांबाखाली उभे राहून बघा. लांबून संथ वाटतं, पण पात्याचं टोक डोक्यावरून जातं तेव्हा चाबूक ओढल्यासारखा आवाज येतो. शेळ्या चारणारी पोरं मात्र दुपारी त्याच खांबाच्या सावलीत जेवतात. सावलीची पट्टी सरकते तसा डबा सरकवतात.

पुण्यात चोपडेकर

एवढं सगळं कशाला? हायड्रोजन येतोय. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलंय, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन. सौर विजेने दुपारी पाणी फोडायचं, हायड्रोजन टाकीत भरायचा, रात्री वीज करायची. संपला प्रश्न.

आणि आमच्या अडावदजवळचं उनपदेव! बारमाही गरम झरा. भूऔष्णिक वीज का नाही?

बॉयलरवाला

चोपडेकर, आकडे बघा. एक किलो हायड्रोजन करायला ५०-५५ युनिट वीज लागते. त्याच्या पोटात ऊर्जा असते ३३ युनिटांची. ती दाबून भरायची, ठेवायची, आणि फ्युएल सेलमधून (हायड्रोजनची वीज करणारं यंत्र) परत वीज करायची तर हाती येतात सोळा ते वीस. हातउसने शंभर रुपये द्यायचे आणि तीस-पस्तीस परत आले तर आनंद मानायचा, तसला व्यवहार. बॅटरीत टाकलेली वीज ऐंशी-पंच्याऐंशी टक्के परत मिळते, पाणी वर चढवून खाली सोडलं तरी पंच्याहत्तर-ऐंशी.

हायड्रोजनची खरी जागा वेगळी आहे. तुम्ही केळीला जो युरिया टाकता तो नैसर्गिक वायूपासून होतो: वायूतून हायड्रोजन, त्यापासून अमोनिया, मग युरिया. वायू मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. खनिजातून लोखंड काढायला, रिफायनरीला, खताला, जिथे विजेची तार थेट कामाची नाही तिथे हायड्रोजन लावा. घरातला पंखा फिरवायला नको.

उनपदेवचं पाणी अंघोळीला उत्तम. विजेला जमिनीतून निदान शंभर अंशांच्या आसपासचं पाणी भरपूर प्रमाणात मिळायला हवं, तेव्हा कुठे दुसरा द्रव उकळवून टर्बाइन फिरवता येतं. सोन-नर्मदा-तापी हा पट्टा भूऔष्णिकच्या नकाशावर आहे, हे खरं. पण आपल्याकडे गंभीर प्रयत्न चालू आहेत ते लडाखमधल्या पुगा खोऱ्यात. उनपदेवला देवाचं आणि पर्यटकांचं राहू द्या.

नवापूरची लेक

कोणीच अणूचं नाव कसं घेत नाही? माझं सासर व्याऱ्याकडे. आमच्या जवळच काकरापार. आपलीच तापी हतनूर, प्रकाशा, उकाई करत काकरापारच्या बंधाऱ्यावर येते आणि तिथे तिच्या पाण्यावर अणुवीज केंद्र चालतं. आधीच्या २२० च्या दोन अणुभट्ट्या, आता ७०० मेगावॉटच्या दोन. तिसरी २०२३ ला व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, चौथी २०२४ ला. ७०० मेगावॉटची पूर्ण भारतीय बनावटीची जड पाण्याची अणुभट्टी देशात पहिल्यांदा इथेच उभी राहिली. एकाच नदीवर वरच्या अंगाला कोळसा, खालच्या अंगाला युरेनियम, आणि मधल्या आम्हाला (माहेरच्या) मात्र विचाराल तर लाईट गेलेली!

रात्रंदिवस चालते, धूर नाही, ऐंशी टक्क्यांच्या वर भार सहज. बॉयलरवाले काकांचा 'किती वाजता' हा प्रश्न तिथे येतच नाही.

बॉयलरवाला

ताई, अगदी मान्य. कोळशाच्या जागी जशीच्या तशी बसणारी एकच गोष्ट आहे आणि ती अणू. पण तुमच्याच काकरापारच्या तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं आणि व्यापारी वीज जून २०२३ मध्ये. साडेबारा वर्षं. तेवढ्यात सौरचा भाव पाचाचा एक झाला. थोरियमचंही तसंच. केरळच्या वाळूत भरपूर आहे हे शाळेपासून ऐकतो. पण थोरियम स्वतः जळत नाही, त्याचं आधी भट्टीतच युरेनियम-२३३ करावं लागतं. होमी भाभांनी आखलेल्या अणुकार्यक्रमाच्या तीन टप्प्यांतला तो तिसरा टप्पा, आपण दुसऱ्याच्या दारात आहोत.

पुण्यात चोपडेकर

आणि फ्यूजन, अणू जोडून ऊर्जा काढणं? अमेरिकेत जमलं ना डिसेंबर २०२२ मध्ये?

बॉयलरवाला

लेझरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या गोळीवर पडली, ३.१५ बाहेर आली. शास्त्र म्हणून टोपी काढावी अशी गोष्ट. पण ते लेझर पेटवायला भिंतीतून तीनशे मेगाज्यूल घेतले होते. फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन प्रकल्पात आपणही भागीदार आहोत, गांधीनगरची संस्था त्यात काम करते. नातवाला सांगा त्यात शिकायला. आपल्या ग्रिडचं नियोजन त्यावर नको.

तोरणमाळ

पाण्याच्या विजेचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी धडगाव भागात मास्तर आहे.

सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राला २७ टक्के, मध्य प्रदेशला ५७, गुजरातला १६. एकूण क्षमता १४५० मेगावॉट. बदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं बुडीतात, मणिबेलीपासून सुरुवात. ती वीज हिरवी, स्वच्छ, कोळशाविना. पण तिच्यापायी उठलेल्या माणसांना विचारा स्वच्छ म्हणजे काय ते.

आता तांत्रिक बाजू, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. तिथल्या नदीपात्रातल्या वीजघराचे २०० मेगावॉटचे सहाही संच उलटे फिरणारे आहेत. म्हणजे दुपारी वीज उरली की खालचं पाणी परत धरणात चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. खाली पाणी अडवायला गरुडेश्वरचा बंधारा बांधला तो त्यासाठीच. आपल्या राज्यात घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. तेव्हा 'किती वाजता' या प्रश्नाचं एक उत्तर आधीच बांधून तयार आहे. गावं गेलीच आहेत, तर निदान त्यांच्या पाण्याचा पुरेपूर उपयोग तरी करा. नवीन धरणाची मागणी करण्याआधी एवढं झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत.

साक्रीकर

मास्तर, जमिनीचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. गिरणाकाठच्या भाऊंनी 'माळरान पडून आहे' असं सहज लिहून टाकलं. पडून कोणाचं? त्यावर ठेलारींच्या मेंढ्या चरतात, गावची गुरं चरतात. सातबाऱ्यावर पडीक लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ते कोणाचं तरी पोट असतं.

आणि विखरण विसरलात? शिंदखेडा तालुक्यातले धर्मा पाटील. वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, शेजारच्यांना मिळालेल्या मोबदल्याच्या तुलनेत हाती फार थोडं आलं. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं, त्यातच गेले. ती जमीन आधी औष्णिकसाठी, नंतर सौरसाठी. कोळशाच्या जागी ऊन आलं म्हणून जमीन घेण्याची पद्धत आपोआप बदलत नाही.

गिरणाकाठचा

साक्रीकर, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. म्हणून विकत किंवा संपादन करून घेण्यापेक्षा भाड्याने हा मार्ग मला बरा वाटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात सबस्टेशनच्या पाच-दहा किलोमीटरच्या आतली जमीन घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो. आणि त्यातून गावच्या शेती फीडरला (शेतीपंपांना वीज देणारी लाईन) दिवसा वीज, म्हणजे धुळ्याच्या भोंच्या प्रश्नालाही हात घातला जातो.

धुळ्याचा भो

आता बोलतो सरळ मराठीत, नाहीतर पुण्याच्या भाऊंना कळायचं नाही.

शेतीची लाईन रातपाळीला असते त्या आठवड्यात आम्ही रात्री बारा-एकला बॅटरी घेऊन विहिरीवर. ऑटो लावून ठेवला तरी फ्यूज जातो, डीपीवर कोणी तरी आकडा टाकून बसलेला असतो, मग स्वतः जावंच लागतं. चोपडा-यावल पट्ट्यात बिबट्याची भीती, आमच्याकडे सापाची. बाराव्या वर्षापासून बापाबरोबर पाण्याचे दंड वळवतोय, पण आता माझ्या पोराला मी रात्री पाठवत नाही.

तुम्ही लोक दुपारची वीज जास्त झाली म्हणून बॅटरी, पंप, हायड्रोजन काय काय शोधताय. अरे, दुपारची वीज जास्त असेल तर आम्हाला द्या ना दुपारी! शेतीचा भार रात्री ढकलला होता तो तुमच्या कोळशाच्या सोयीसाठी, रात्री संच मोकळे असत म्हणून. आता सोय उलटी झाली तर आमची पाळीपण उलटी करा. काय चुकतंय?

बॉयलरवाला

काहीही चुकत नाही. या धाग्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच.

केळीचं पान

रावेरहून. मी सौर पंप लावलाय, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला, ५ एचपी. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५, पुढे साडेसात असं बसतं. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच. वापरून कळलेलं सांगतो, जाहिरातीतलं नाही.

पहिली गोष्ट, ऊन आणि उष्णता वेगळी. आपल्याला वाटतं मे महिन्यात ४५ ला पॅनल धो धो वीज देतील. पॅनलवरचा आकडा २५ अंशांवरचा असतो. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. हवा ४५ तर काच ६५-७०. म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. माझं सगळ्यात चांगलं पाणी फेब्रुवारी-मार्चला पडतं. आणि मेमधल्या वावटळीची धूळ! सकाळी काच गार असताना पुसायची. दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जातो.

दुसरी, ड्रिप. केळीला ड्रिपशिवाय गत्यंतर नाही. लाईनच्या पंपावर प्रेशर सारखं असतं. सौरवर ढग आला की पंप मंदावतो, प्रेशर पडतं, लॅटरलच्या (ड्रिपची बारीक नळी) शेवटच्या झाडाला थेंब जात नाही. शेवटच्या चार ओळी बारीक राहिल्या आणि कटाईवेळी व्यापारी आधी त्याच ओळींत शिरला. त्यावर उपाय म्हणजे पंप थेट ड्रिपला न जोडता शेततळ्यात पाणी टाकायचं. दिवसभर जसं ऊन तसं तळं भरतं, मग तिथून छोट्या मोटरीने एकसारख्या दाबाने ड्रिप. बॅटरीचा खर्च नाही, पाणीच साठवलं.

तिसरी, कंट्रोलर बिघडला की पाच वर्षांची दुरुस्ती कागदावर असते. माझा भर तोड्याच्या आधी बंद पडला. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांचा माणूस 'उद्या येतो' म्हणत राहिला आणि मी शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाईप ओढून बाग जगवली. लाईनचं कनेक्शन कापून टाकू नका एवढंच सांगेन.

गिरणाकाठचा

शेततळ्याचा मुद्दा फार आवडला. आमच्या मिलमध्येही तेच चाललंय. डाळ भरडणं, चाळणं, पॉलिश ही कामं दिवसाच होतात. छतावर पॅनल घातले, आणि पूर्वी रात्री चालणारी एक मशीन मालकांनी दिवसावर घेतली. दिवसाच्या विजेला आता दरातही सवलत आहे. वीज साठवण्याआधी काम सरकवता येतं का ते बघावं, हे फुकट पडतं. घरगुतीवाल्यांसाठी: पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरच्या १ किलोवॉट सौरला ३०,००० आणि ३ किलोवॉटला ७८,००० अनुदान आहे. तीन किलोवॉटला तीनशे चौरस फूट गच्ची लागते, दिवसाला बारा युनिटांच्या आसपास मिळतात.

पऱ्हाटी

सगळे आकाशात बघताहेत, माझ्या बांधावर काय पडलंय ते कोणी बघेना. पारोळ्याकडचा कापूसवाला मी.

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उरते. पूर्वी चुलीला जायची, आता गॅस आला. मग बांधावर रचून काडी लावायची. थंडी संपता संपता रात्री रस्त्याने जा, अमळनेर ते धुळे दोन्ही बाजूंना जाळ दिसतील. कोळसा मालगाडीने आणायचा आणि इथे चांगलं जळण पेटवून द्यायचं, ही कुठली रीत?

पऱ्हाटीची उष्णता किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी, म्हणजे आपल्या देशी कोळशाच्या बरोबरीची. राख मात्र नावालाच. बॉयलरवाले काकांची ती राखेची मालगाडी इथे वाचते. केंद्राच्या धोरणात औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवभाराच्या कांड्या मिसळायच्या असं आहे. आणि शेताचा फायदा वेगळाच: पऱ्हाटी वेळेत उपटून गेली, फरदड (वेचणीनंतर पाणी देऊन घेतलेलं जादा पीक) घेतली नाही, तर गुलाबी बोंडअळीचं घर मोडतं.

बॉयलरवाले काका, चालतं का हो खरोखर?

बॉयलरवाला

चालतं. पाच-सात टक्क्यांपर्यंत बॉयलरमध्ये फार बदल न करता जातं. भुगा करून घट्ट कांड्या हव्यात, ओलसर नको, नाहीतर कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये अडकतं. मुख्य म्हणजे त्याला घड्याळ नाही. पऱ्हाटी रात्री आठलाही जळते. खान्देशातली सगळी पऱ्हाटी आणली तरी पूर्ण दीपनगर चालणार नाही, हे आधीच सांगतो. पण संध्याकाळच्या चार तासांत जो कोळसा लागतो त्यातला काही हिस्सा नक्की.

अडतं ते गोळा करण्यात. पऱ्हाटी फुगीर, ट्रॉली भरलेली दिसते, वजन भरत नाही. पन्नास किलोमीटर नेली की डिझेलातच पैसे गेले. म्हणून भुगा शेतात किंवा गावात व्हायला हवा.

केळीचं पान

आमच्या खोडांचं काय? एकरी डोंगर पडतो.

बॉयलरवाला

नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. जाळायचं नावच नको. खोडातून धागा काढा, खत करा, नाहीतर शेणात मिसळून गोबर गॅसला घाला. घरच्या दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो शेण लागतं, चार-पाच जनावरं असली की भागतं, खोडाचा चुरा घातला तर तेवढीच मदत.

नवापूरची लेक

एक विचारते. हे सगळं विजेचं झालं. ट्रॅक्टर, ट्रक, डिझेल?

साक्रीकर

रेल्वेने करून दाखवलं की. भुसावळला इलेक्ट्रिक इंजिनांचं मोठं शेड आहेच. मोटारसायकली, रिक्षा होतील विजेवर. ट्रॅक्टरचं अवघड आहे, नांगरटीला दहा-बारा तास सलग ओढ लागते. आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल झालंय, त्यात आपला मका जातोय. मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक वाढलं, कुक्कुटपालनवाले मात्र खाद्याच्या भावाने ओरडताहेत. खायचं जाळायला किती द्यायचं, यावर वेगळा धागा काढावा लागेल. पऱ्हाटीत ती अडचण नाही.

पुण्यात चोपडेकर

बरं, मग आता नेमकं ठरलं काय? दीपनगर बंद की चालू?

बॉयलरवाला

तुम्हाला एका ओळीत हवंय, ते मिळणार नाही. दुपारी खाली, संध्याकाळी वर, आणि वर्षागणिक कमी तास. नवा संच अजून कर्ज फेडायला चालणारच. जुने कमी होतील. बॅटऱ्या स्वस्त होतायत त्या वेगावर बाकीचं अवलंबून. पण भोंची पाळी दिवसावर आणायला बॅटरीची वाट बघायची गरज नाही, तेवढं आधी व्हावं.

धुळ्याचा भो

आमच्या फीडरचं सर्वेक्षण झालंय म्हणतात. गावठाणाजवळ खांब पडलेत, पॅनल अजून नाहीत. वायरमन म्हणतो या वर्षी. बघू.

पऱ्हाटी

काका, गावात श्रेडर (भुगा करणारं यंत्र) घ्यायचा तर पाच-सहा जणांत घेता येईल. पण माल उचलणारा कोण आणि भाव काय ते आधी कळायला हवं. पारोळा-अमळनेर-एरंडोल पट्ट्यात कांड्या करणारं कोणी माहीत असेल तर इथेच लिहा. आखाजीच्या (अक्षय तृतीया) आत रान मोकळं करायचंय, नाहीतर मलाही काडीच लावावी लागेल.

केळीचं पान

आमच्या सावद्याकडे एक जण ब्रिकेट करतो, पण तो लाकडाचा भुसा घेतो. पऱ्हाटी घेतो का विचारून उद्या सांगतो. ओली नेऊ नका, महिनाभर उभी वाळवा, मुळाची माती झटकून.